पाच मीटर पाण्याखालची घरगुती पाणबुडी

१. प्रश्नाची मांडणी

रायपूरच्या एखाद्या जुन्या तळ्यावर सकाळी थोडा वेळ उभे राहिले की टिबुकली दिसते. हिलाच काही ठिकाणी पाणबुडी म्हणतात. कबुतराहून लहान असलेला हा पक्षी कधी डोके खाली घालून सूर मारतो, तर कधी अंग न हलवता जागच्या जागी खाली उतरतो. आधी पाठ दिसेनाशी होते, मग मान आणि शेवटी चोच. पिसांत धरून ठेवलेली हवा तो दाबून बाहेर सोडतो, त्यामुळे त्याची घनता पाण्याच्या बरोबरीला येते आणि तो बुडतो. माणसाने बनवलेल्या प्रत्येक पाणबुडीचे तत्त्व हेच आहे. फरक एवढाच की टिबुकलीला वर येण्याची हमी जन्मतः मिळालेली असते. आपल्याला ती रचनेतून निर्माण करावी लागते.

रायपूर समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर आत आहे. तरीही पाणबुडीचा विचार या भूमीला परका नाही. शेजारच्या भिलाई पोलाद कारखान्याने नौदलासाठी डीएमआर २४९ए या खास पोलादाच्या प्लेट लाटल्या. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेत भिलाईच्या प्लेट आहेत. उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींत जाड प्लेट रोल करणारे, टाकीची फुगीर टोके म्हणजे डिश एंड बसवणारे आणि दाबाच्या टाक्यांचे वेल्डिंग करणारे हात आहेत. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची, म्हणजे आजच्या एनआयटीची, पायाभरणी १९५६ साली झाली आणि सुरुवात खाणकाम व धातुशास्त्र या दोन विषयांनी झाली. दक्षिणेला धमतरीजवळ महानदीवर गंगरेल धरणाचे विस्तीर्ण पाणी आहे. पोलाद, कारागिरी आणि पाणी तिन्ही हाताशी आहे. मग दोन माणसांना पाच मीटर खाली नेणारी छोटी पाणबुडी हौसेने बांधता येईल का?

बांधता येईल. मात्र ‘पाणबुडी’ या एका शब्दात अगदी वेगवेगळ्या स्वभावाची तीन यंत्रे सामावलेली आहेत. हौशी माणसाच्या डोळ्यांसमोर सहसा त्यांतले सर्वांत अवघड यंत्र असते. त्यातले कोणते का निवडावे, याचा हिशेब पुढे मांडला आहे.

२. तरंगण्याचे आणि बुडण्याचे गणित

आर्किमिडीजचा नियम आपण शाळेत शिकतो. बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, त्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल तिला वर ढकलते. हा नियम पाणबुडीला लावला की पहिलाच निष्कर्ष अनपेक्षित निघतो.

९० सेंटिमीटर व्यासाची आणि अडीच मीटर लांबीची पोलादी नळी दोन्ही टोकांनी बंद केली असे समजू. तिचे घनफळ सुमारे १.५९ घनमीटर भरते, म्हणजे ती १,५९० किलो गोडे पाणी बाजूला सारेल. पाच मिलिमीटर जाडीच्या प्लेटमध्ये हे कवच सुमारे ३३० किलोचे होते. दोन माणसांचे १५० किलो आणि बॅटऱ्या, मोटर, टाक्या यांचे २०० किलो धरले तरी बेरीज ६८० किलोवर थांबते. बुडण्यासाठी अजून ९०० किलो हवेतच. लोखंडाची एवढी मोठी वस्तू बुडाल्याशिवाय राहणार नाही, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती बुडवण्यासाठी जवळजवळ एक टन शिसे विकत आणावे लागते.

इथे रचनाकाराला एक मोठी सवलत मिळते. भार घालायचाच आहे, तर तो कवचात का घालू नये? प्लेट पाचऐवजी दहा मिलिमीटरची घेतली तर कवचाचे वजन दुप्पट होते आणि शिसे तेवढे कमी लागते. पुढे दिसेल की ताकद दुपटीहून कितीतरी जास्त वाढते. विमानात प्रत्येक ग्रॅम वाचवावा लागतो. उथळ पाण्यातल्या छोट्या पाणबुडीत वजन हा शत्रू नाही, त्यामुळे जाड प्लेट जवळपास फुकटात पडते.

दुसरा मुद्दा स्थिरतेचा. पाण्याखाली गेल्यावर नौकेला आधार देणारी एकच गोष्ट उरते. प्लवनकेंद्र वर आणि गुरुत्वमध्य खाली असला पाहिजे. बुडाशी वजन असलेली बाहुली कशीही ढकलली तरी उभी राहते, ते याच कारणाने. दीड टनाच्या पाणबुडीत या दोन बिंदूंत फक्त पाच सेंटिमीटर अंतर असेल आणि ७५ किलोचा माणूस २० सेंटिमीटर पुढे सरकला, तर नाक सुमारे ११ अंशांनी खाली जाते. म्हणून भार तळाशी, हवा माथ्याशी आणि माणसाची जागा ठरलेली, हे नियम कागदावरच पक्के करावे लागतात.

तिसरा मुद्दा पाण्याच्या जातीचा. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. गंगरेलमध्ये अचूक तोललेली वरची नौका मालवणला नेली तर तिथे ती ४० किलोने हलकी ठरेल आणि बुडायला नकार देईल. मालवणचा तोल गंगरेलला आणला तर ती दगडासारखी तळ गाठेल. पाणी बदलले की तोल नव्याने काढावाच लागतो.

३. दाब आणि तेलाचा डबा

दर दहा मीटर पाण्यागणिक दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. पाच मीटरवर जास्तीचा दाब अर्ध्या वातावरणाचा. ऐकायला तो किरकोळ वाटतो आणि उथळ पाण्याची फसगत इथूनच सुरू होते.

हा दाब काय करतो ते पाहण्यासाठी पाण्यात उतरायची गरज नाही. पंधरा किलोचा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. त्यात पेलाभर पाणी घालून, तोंड उघडे ठेवून चांगले उकळा. वाफेने आतली हवा निघून गेली की डबा आधी आचेवरून उतरवा, मग झाकण घट्ट लावा आणि वरून थंड पाणी ओता. काही क्षण काहीच होत नाही. मग एका सपाट बाजूत ‘टण्’ असा आवाज होऊन खळगा पडतो. तो पडताच शेजारची बाजू आत ओढली जाते आणि श्वास घेईपर्यंत डब्याचा चोळामोळा होतो. आत उरलेली वाफ थंड होऊन आकसली आणि बाहेरच्या हवेने डबा चिरडला. तो डबा त्या क्षणी सुमारे नऊ मीटर पाण्याखालच्या पाणबुडीच्या अवस्थेत होता.

या प्रयोगात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पत्रा कुठेही फाटला नाही, तो वाकला. आणि पहिला खळगा पडल्यावर पुढचे सारे थांबवता येण्याजोग्या वेगाने घडले नाही. बाहेरून दाबलेले पातळ कवच असेच जाते. अभियांत्रिकीत याला बकलिंग म्हणतात.

४. पाणबुडीच्या तीन जाती

पहिली जात कोरडी. कवच बंद असते, आत नेहमीच्या हवेचा दाब असतो आणि माणूस साध्या कपड्यांत बसतो. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘कलवरी’ वर्गाच्या पाणबुड्या याच जातीच्या. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे ‘मत्स्य ६०००’ हे खोल समुद्राचे वाहनही याच जातीचे. त्यात तीन माणसांसाठी २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा गोल आहे. गोल यासाठी की गोलाच्या प्रत्येक बिंदूवर दाबाचे वाटप सारखे होते.

दुसरी जात समदाब. पेला उलटा करून बादलीत दाबला की आत हवा अडकते, तशी ही नौका खालून उघडी असते. आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याएवढा असल्याने कवचाला सोसावे लागत नाही. पण नौका खाली जाताना आतली हवा आकसते, प्लावक बल घटते आणि ती आणखी वेगाने खाली जाते. वर येताना हवा फुगते आणि वेग वाढतच जातो. चूक स्वतःलाच वाढवत नेते. सतत हवा भरण्या-सोडण्याचे अचूक नियंत्रण नसेल तर ही जात हौशी हातांत देऊ नये.

तिसरी जात ओली. आत पाणी भरलेलेच असते. चालक आणि सोबती स्कूबाचा पोशाख व सिलिंडर घालून बसतात. कवच पाणी कापून पुढे जाण्यापुरते असते, त्यावर दाबाचा फरक शून्य. ही नौका म्हणजे पाणबुड्याची सायकल.

५. कोरड्या पाणबुडीचा हिशेब

बहुतेकांना हवी असते ती कोरडी, म्हणून तिचा हिशेब आधी पूर्ण करू.

आपल्या ९० सेंटिमीटर व्यासाच्या, पाच मिलिमीटर जाडीच्या नळीवर दहा मीटर खोलीचा दाब आला तर पोलादातला ताण सुमारे नऊ मेगापास्कल होतो. साधे बांधकामाचे पोलाद २५० मेगापास्कलपर्यंत टिकते. एवढ्या आकड्यांवरून ही नळी तीनशे मीटरपर्यंत जाईल असे अनुमान निघेल, आणि तेच घातक ठरेल. बकलिंगचे सूत्र लावले की आधार नसलेली लांब नळी पावणेआठ मीटरच्या आसपासच दुमडण्याच्या काठावर येते. या सूत्रात जाडी आणि व्यास यांच्या गुणोत्तराचा घन असतो. म्हणून जाडी दुप्पट केली की ताकद आठपट होते आणि तोच आकडा साठ मीटरवर जातो. दहा मिलिमीटरच्या प्लेटचा आग्रह त्यासाठी. पाच मिलिमीटरच्या नळीत दर ४५ सेंटिमीटरवर आतून पोलादी रिंगा वेल्ड केल्या तर कागदावरची ताकद तीस पटींहून जास्त वाढते.

कागदावरची, हा शब्द महत्त्वाचा आहे. सूत्र नळी अगदी गोल आहे असे धरते. प्रत्यक्षात प्लेट रोल करताना आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आकसताना तिची गोलाई बिघडते. व्यासात एक टक्का फरक पडला तरी ताकद बरीच घटते. हॅचसाठी, म्हणजे आत शिरण्याच्या झाकणासाठी, आणि खिडकीसाठी कापलेले प्रत्येक भोक ती आणखी कमी करते. डिश एंडचा आधार हिशेबात धरला तर आकडा वाढतो खरा, पण घरगुती कामात तो हिशेबाबाहेर ठेवून राखीव समजावा. निराधार नळीच्या सूत्राने जी खोली निघेल, तिच्या पाचव्या हिश्श्याखाली माणसाने जाऊ नये, असा बंधनकारक नियम मी ठेवीन.

आणखी एक गैरसमज कारखान्यातून येतो. भंगारातली जुनी गॅसटाकी किंवा कॉम्प्रेसरची टाकी आतून मोठा दाब सोसलेली असते, म्हणून ती पाणबुडीला उत्तम, असे म्हणतात. आतला दाब पत्र्याला ताणतो आणि ताणताना गोलाई सुधारतो. बाहेरचा दाब गोलाईतली प्रत्येक खोट वाढवतो. आतून घेतलेली चाचणी बाहेरच्या दाबाबद्दल काहीच सांगत नाही.

आता हॅच. साठ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर पाच मीटर खोलीला सुमारे १,४०० किलोचा भार येतो. पाणबुडी तळाला अडकली तर आतल्या दोघांनी कितीही जोर लावला तरी ते झाकण बाहेर उघडत नाही. याचा धडा १८५१ साली मिळाला. १ फेब्रुवारीला जर्मनीतल्या किएल बंदरात विल्हेल्म बाउअर याची ‘ब्रांडटाउखर’ ही पाणबुडी चाचणीत बुडाली. खर्च कमी करण्यासाठी तिचे कवच मूळ आराखड्यापेक्षा हलके केले होते आणि ते दाबाने वाकले. बाउअरने दोन्ही सोबत्यांना पटवून आत पाणी येऊ दिले. आतली हवा दाबली जाऊन बाहेरच्या बरोबरीला आली तेव्हाच झाकण उघडले आणि तिघेही जिवंत वर आले. काही तास थंड पाण्यात थांबून, पाणी छातीपर्यंत चढताना पाहत, झडप उघडी ठेवण्याचे धैर्य बाउअरपाशी होते. रविवारच्या सहलीला आलेल्या पाहुण्याकडून त्या धैर्याची अपेक्षा ठेवून कोणतीही रचना करता येत नाही.

खिडकी काचेची असू नये. जाड ॲक्रिलिकची चकती बाहेरून बैठकीत बसवायची, म्हणजे दाब तिला आत आपल्या जागी घट्ट रोवतो. बोल्ट करकचून आवळले की कडेला सूक्ष्म भेगा पडतात. बोल्ट चकती जागेवर धरण्यापुरते, पाणी अडवण्याचे काम ओ-रिंगचे.

श्वासाचे गणित याहून कडक आहे. आपल्या नौकेत माणसे आणि सामान वगळता सुमारे १,३५० लिटर हवा उरते. दोन माणसे मिळून तासाला चाळीस ते पन्नास लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. अठरा-वीस मिनिटांत त्याचे प्रमाण एक टक्का होते. तासाभरात तीन टक्के झाले की डोके दुखते, धाप लागते, विचार मंदावतो. प्राणवायू अजून पुरेसा असतानाच माणूस चुका करू लागतो. म्हणून प्राणवायूच्या सिलिंडरइतकेच कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमला आणि ते मोजणाऱ्या यंत्राला महत्त्व आहे. तासाभराच्या डुबकीसाठीही ही सोय करावीच लागते.

बॅटरी बंद जागेत आली की हायड्रोजन येतो. ई-रिक्षात वापरतात तशा शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या चार्ज होताना तो सोडतात आणि हवेत चार टक्के मिसळला की ठिणगी पुरते. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला नौदलाच्या ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीवर बॅटरीकक्षात आग लागून एका नौसैनिकाचा बळी गेला. सदोष झडपेतून गळलेला हायड्रोजन हे त्याचे कारण होते. प्रशिक्षित नौसैनिक आणि कडक शिस्त असलेल्या नौकेवर जे घडते, ते गॅरेजमध्ये बांधलेल्या नौकेत घडण्यासाठी वेगळे कारण लागत नाही.

कोरडी पाणबुडी अशक्य आहे, असा याचा अर्थ नाही. होंडुरासच्या रोआतान बेटावर कार्ल स्टॅन्ली यांनी स्वतः बांधलेल्या पाणबुडीतून वर्षानुवर्षे प्रवाशांना शेकडो मीटर खाली नेले. पण शाळकरी वयापासून या एकाच कामात घातलेले आयुष्य त्यामागे आहे. उलट १८ जून २०२३ रोजी ‘टायटन’ ही पाणबुडी पाच जणांसह चिरडली गेली. तिने कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र घेतले नव्हते. उथळ पाणीही माफ करत नाही. २७ मार्च २०२५ रोजी इजिप्तमध्ये हुरघाडा इथे किनाऱ्याजवळ फिरणारी ‘सिंदबाद’ ही पर्यटक पाणबुडी बुडून सहा जण दगावले.

६. ओली पाणबुडी कशी असावी

आता ओल्या जातीकडे येऊ. हॅच नाही, त्यामुळे १,४०० किलोचा भार नाही. कोंडलेली हवा नाही, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठत नाही. कवचावर दाबाचा फरक नाही, त्यामुळे बकलिंग नाही. नौका अडकली तर चालक पट्टा सोडून बाजूने बाहेर पडतो आणि पोहत वर येतो. कोरडीचे चार जीवघेणे प्रश्न रचनेतूनच गळून पडतात. त्यांच्या जागी माणसाचे स्वतःचे प्रशिक्षण येते.

म्हणूनच १९८९ पासून अमेरिकेत होत असलेल्या मानवशक्तीवरच्या आंतरराष्ट्रीय पाणबुडी शर्यतींत विद्यार्थी ओल्याच पाणबुड्या उतरवतात. चालक स्कूबावर श्वास घेत पॅडल मारतो आणि त्याच्या हाताची पकड सुटली तर सुरक्षा-तरंड आपोआप पृष्ठभागावर येतो. घरगुती रचनेने या शर्यतींकडून शिकण्यासारखे खूप आहे.

आपली नौका तीन मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद असावी. कवच फायबरग्लासचे, दोन माणसे मागेपुढे, दोन्ही बाजू कमरेपासून वर मोकळ्या. बाहेर पडायला पाच सेकंदांहून जास्त वेळ लागत असेल तर आराखडा बदलावा.

माथ्यावर भोके हवीत. हा तपशील पहिल्या आराखड्यात हमखास सुटतो. शांतपणे श्वास घेणारा माणूस मिनिटाला सुमारे वीस लिटर हवा सोडतो. ते बुडबुडे छताखाली अडकले तर प्रत्येक मिनिटाला वीस किलो वर ढकलणारे बल वाढते आणि पाच मिनिटांत नौका आवरेनाशी होते. छताच्या सर्वांत उंच जागी बुडबुड्यांना वाट ठेवली की हा प्रश्न उरत नाही.

तोल असा ठेवावा की माणसांशिवाय नौका दोन-तीन किलोने तरंगावी. तरंगण्यासाठी कडक, बंद पेशींचा फोम वापरावा. मऊ फोम दाबाखाली आकसतो आणि तोल बिघडवतो. बारीक तोलासाठी दहा-पंधरा लिटरची एक टाकी पुरे, तीही तळाशी उघडी. वर येताना फुगलेली हवा खालून आपोआप निसटून जाते.

कोरडी आणि ओली यांतला सर्वांत खोल फरक इथे दिसतो. कोरडीत संकट आले की शिशाचा भार टाकून देतात आणि नौका सुसाट वर येते. तिथे तोच तारणहार. ओलीत तोच उपाय मारक आहे, कारण चालकाच्या फुप्फुसात दाबाखालची हवा असते. बॉइलच्या नियमाने ती वर येताना फुगते. श्वास रोखलेला असेल तर मीटर-दीड मीटरच्या चढानेही फुप्फुसाला इजा होऊ शकते. ओली नौका मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नये, आणि तिच्यात बसणाऱ्याने एकदाही श्वास रोखू नये.

वेगाचा हव्यास धरू नये. पाण्यात लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. अशा नौकेला सेकंदाला एक मीटर वेगासाठी मोटरकडून सुमारे सव्वादोनशे वॅट लागतील, तर दोन मीटरसाठी अठराशे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी निम्मी वापरली तर पहिल्या वेगाने अडीच तास चालते, दुसऱ्या वेगाने वीस मिनिटे. बॅटरी वेगळ्या छोट्या दाबसह पेटीत, गॅस बाहेर न सोडणारी असावी आणि ती किनाऱ्यावर पेटी उघडूनच चार्ज करावी. पंख्याभोवती जाळी हवी आणि हात सुटताच मोटर बंद करणारे बटण हवे. आत भरलेले टनभर पाणीही नौकेबरोबर चालते, त्यामुळे ती लगेच थांबत नाही, हे चालकाच्या अंगवळणी पडले पाहिजे.

हवेचा साठाही मोजून घ्यावा. अकरा लिटरच्या, २०० बारपर्यंत भरलेल्या सिलिंडरमध्ये २,२०० लिटर हवा असते. ५० बार राखीव ठेवले तर पाच मीटर खोलीवर ती पंचावन्न मिनिटे पुरते. डुबकी चाळीस मिनिटांचीच ठरवावी. नौकेत दोघांसाठी एक जादा सिलिंडर बांधलेले असावे.

शेवटची आणि सर्वांत स्वस्त सुरक्षा म्हणजे पाच मीटरचा दोर आणि वीस लिटरचा रिकामा, घट्ट बंद केलेला प्लास्टिकचा कॅन. कॅन भगव्या किंवा पिवळ्या रंगाने रंगवून पृष्ठभागावर ठेवावा. तो वीस किलो पेलतो, म्हणून दोन-चार किलोने जड झालेली नौका पाच मीटरखाली जाऊच शकत नाही. वरच्यांना नौका कुठे आहे तेही दिसते. दोर झाडाझुडपात अडकला तर चालकाला एका हिसक्यात सोडता यावा.

७. पाणी कोणते निवडावे

रायपूर शहरातली तेलीबांधा, बूढा तालाब ही तळी गाळाची, गढूळ आणि वर्दळीची आहेत. तिथे ही नौका उतरवू नये. गंगरेलमध्ये पाणी भरपूर आहे, पण जलाशयाखाली जुनी झाडे आणि कोळ्यांची जाळी असतात. नौकेला बाहेर निघालेली कोणतीही कड, हुक किंवा बोल्ट असू नये ते यासाठी. सूरजपूर जिल्ह्यातल्या केनापारा इथे बंद पडलेल्या कोळसाखाणीचे पाणी पर्यटनासाठी खुले झाले आहे. अशा खाणींचे पाणी निवळ दिसते, मात्र काठ एकदम तुटतो आणि दोन पावलांवर खोली वीस मीटर असू शकते. पावसाळ्यात गाळ, उन्हाळ्यात उतरलेली पातळी, म्हणून दिवाळीनंतरचे महिने बरे.

उंचीही विसरू नये. भरलेल्या गंगरेलची पातळी समुद्रसपाटीपासून जवळजवळ ३४९ मीटर आहे. ३०० मीटरच्या वरच्या पाण्याला स्कूबात उंचीची डुबकी मानतात आणि त्यासाठी डुबकीची कोष्टके बदलतात. पाच मीटरवर याचा त्रास सहसा होत नाही. खोलीचा मोह धरला तर मात्र होतो.

नियम एकच. जिथे तळ आपल्या चाचणी झालेल्या खोलीच्या वर आहे, तिथेच उतरायचे. सगळी साधने निकामी झाली तरी तळ नौकेला अडवतो. आणि उतरण्यापूर्वी जलसंपदा विभागाची व जिल्हा प्रशासनाची लेखी परवानगी घ्यायची. यंत्राने चालणाऱ्या नौकेची तपासणी आणि नोंदणी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार होते.

८. कामाचा क्रम

घरगुती पाणबुडीचे काम कार्यशाळेत सुरू होत नाही, ते पाण्यात सुरू होते. पहिली पायरी स्कूबाचे प्रमाणपत्र. मालवणजवळ तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. मुखवट्यात पाणी शिरल्यावर तो पाण्याखालीच कसा रिकामा करायचा, हवा संपलेल्या सोबत्याला कशी द्यायची, हे हातापायांना आपोआप येईपर्यंत नौकेचा विचार बाजूला ठेवावा. दुसरी पायरी पाहण्याची. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ ही निवृत्त पाणबुडी २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. रायपूरहून तिथे रेल्वेने जाता येते. तिच्या आत चालताना प्रत्येक नळावर झडप, प्रत्येक झडपेला जोडीदार आणि प्रत्येक दारापलीकडे दुसरे दार का आहे, हे पाहावे.

तिसरी पायरी प्रतिकृती. दहाव्या हिश्श्याचे मॉडेल पाण्याच्या टाकीत तोलून पाहावे. चौथी, पूर्ण नौका माणसांशिवाय तरणतलावात. पाचवी, माणसांसह पण मोटर बंद ठेवून, तलावाच्या उथळ टोकाला. त्यातच बाहेर पडण्याचा सराव वीस वेळा, डोळे मिटून आणि मुखवटा काढून. सहावी, मोटरसह. सातवी, उघड्या पाण्यात, वर होडी आणि पाण्यात दोन स्वतंत्र पाणबुडे राखण करत असताना.

कोणी कोरडीच बांधायची ठरवली, तर कवचाचे प्रत्येक वेल्डिंग भेगा दाखवणाऱ्या लाल डायने तपासावे. मग नौका रिकामी, भार घालून, जाड दोराने ठरलेल्या खोलीच्या दीडपट खाली उतरवावी आणि तासभर ठेवावी. वर आल्यावर आतला भाग कोरडा आहे का आणि गोलाई बदलली का ते मोजावे. हे तीनदा झाल्याशिवाय माणूस बसू नये. एखाद्या दाबपात्र तज्ज्ञाची लेखी तपासणी याला पर्याय नाही, ती याच्या आधी हवी.

९. निष्कर्ष

महाराष्ट्रात सिंधुदुर्गातल्या निवती खडकांजवळ निवृत्त ‘गुलदार’ नौका तळाला नेऊन तिच्याभोवती पाणबुडी पर्यटन उभे करण्याची योजना आहे. मुंबईच्या आयआयटीतले विद्यार्थी ‘मत्स्य’ नावाची माणसाविना चालणारी पाणबुडी बांधून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरले आहेत. पाण्याखालचे विश्व आता फक्त नौदलाचे उरलेले नाही. रायपूरसारख्या भूवेष्टित शहरातल्या तरुणांनाही त्यात हात घालण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि पोलादाच्या या पट्ट्यात त्यासाठी लागणारे कसबही आहे.

मात्र वरच्या सर्व हिशेबाचा निर्णय एकच निघतो. पाच मीटरच्या हौशी भ्रमंतीसाठी ओली पाणबुडीच योग्य आहे. कोरडीला लागणारे कवच, श्वासयंत्रणा आणि तपासणी हा वर्षांचा आणि संस्थेचा उद्योग आहे. ओलीत चूक झाली तर माणूस बाहेर पडून वर येतो. कोरडीत तो मार्ग चौदाशे किलोच्या झाकणापलीकडे असतो.

बांधणाऱ्यांना एकच विनंती आहे. नौका तयार झाली की तिच्या नाकावर, रंगाच्या डब्यातला पहिला फटकारा मारण्याआधी, एक पितळी पाटी बसवा. तिच्यावर तीन ओळी कोरा. चाचणी झालेली खोली, चाचणीची तारीख आणि पुढच्या तपासणीची तारीख. आणि ज्या नौकेवर अशी पाटी नाही, तिच्यात मुलांना बसवू नका, स्वतःही बसू नका.